जुव्यावर गावाचं काम उभं करायचंय? मग सुरुवात अशी करा

कोकणच्या खाड्यांमध्ये वस्ती असलेली लहान लहान बेटं, म्हणजे जुवे, बरीच आहेत. मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीत मसुऱ्याचा खोतजुवा आहे, हडीचा पाणखोल जुवा आहे. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीतलं जुवे तर स्वतःची ग्रामपंचायत असलेलं गाव. मुंबईसमोर उरण तालुक्यातली घारापुरी आहे. तिथल्या लेण्यांना 1987 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांत समुद्राखालच्या केबलमधून कायमची वीज पोचायला फेब्रुवारी 2018 उजाडावा लागला.

अशा ठिकाणी गावाला सोबत घेऊन काहीतरी करावं असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहितेय. त्यात मुंबईहून परतलेले चाकरमानी असतील, माहेरच्या गावात लक्ष घालू पाहणाऱ्या बायका असतील, समाजकार्य शिकून पहिल्यांदाच खाडी ओलांडणारी मुलं असतील. माझं मत आधीच सांगते. जुव्यावर एखादं काम उभं करायला पैसा मिळतो, माणसंही मिळतात. ते काम आषाढात चालू राहील का आणि पाच वर्षांनी पंप जळला तर तो कोण उतरवून दुरुस्तीला नेईल, हे मात्र सुरुवातीलाच ठरवावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाला धरून आहेत.

आधी भरतीचं गणित

जुव्यावरचा दिवस घड्याळावर चालत नाही. बैठक, सामान, डॉक्टर, शाळा, सगळं भरती-ओहोटीवर ठरतं. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला ढोबळ हिशोब पाठ करून टाका: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. तुमच्या खाडीत यात थोडा फरक पडेल, कारण खाडीच्या आत जितकं जावं तितकं पाणी उशिरा चढतं. तो फरक किती, हे 'तर' म्हणजे माणसं खाडीपार नेणारी होडी चालवणाऱ्याला विचारून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा दोन्हीकडे पाणी बेताचं.

याचा कामाशी थेट संबंध आहे. जांभ्याचा एक चिरा तीस-पस्तीस किलोचा असतो. हजार चिरे म्हणजे तीस टनांहून जास्त वजन, आणि ते ट्रकमधून धक्क्यावर, धक्क्यावरून होडीत, होडीतून काठावर आणि काठावरून डोक्यावर असं चार वेळा उचललं जातं. भरती साधली तर होडी थेट पायऱ्यांना लागते. ओहोटी लागली की तीच होडी पन्नास पावलं अलीकडे चिखलात बसते, गडी गुडघाभर रुततात, सिमेंटच्या पिशव्यांचे खालचे कोपरे ओले होतात आणि दुसऱ्या दिवशी त्या पिशव्यांत गोळे सापडतात. म्हणून अंदाजपत्रकात वाहतुकीचा आकडा मुख्य भूमीवरच्या दराने कधीच धरू नका. होडीचं भाडं, पुन्हा पुन्हा उचलण्याची मजुरी आणि वाया जाणारा माल वेगळा मांडा. सरकारी अंदाजपत्रकं बऱ्याचदा इथेच फसतात आणि ठेकेदार अर्ध्यावर काम सोडून जातो.

सगळा माल मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बेटावर पोचला पाहिजे. मिरग लागला की खाडी आपल्या हातात राहत नाही. तौक्ते वादळ तर 2021 मध्ये मे महिन्याच्या मध्यालाच आलं होतं.

एक पावसाळा नुसतं ऐका

घाई असली तरी ही पायरी गाळू नका. बेटावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघितल्याशिवाय कुठलाही प्रकल्प कागदावर मांडू नये, असं मला मनापासून वाटतं. हिवाळ्यात सगळंच छान दिसतं.

कुणाला भेटायचं? सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना भेटालच. त्यांच्याआधी तर चालवणाऱ्याला भेटा. कोण दवाखान्यात गेलं, कुणाचं सामान आलं, कुठल्या घरात आता फक्त म्हातारा-म्हातारी उरलीयत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मग गावकीतल्या मानकऱ्यांना भेटा. देवळाच्या सभामंडपात ठरलेली गोष्ट ग्रामपंचायतीच्या ठरावापेक्षा जास्त पाळली जाते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाला वगळून पुढे जाऊ नका. जुव्यावर राहणाऱ्यांपेक्षा जुव्याची माणसं मुंबईत जास्त असतात, आणि घरांची नावं, जमिनीचे वाटे, देवाचे मान सगळं त्यांच्याशी जोडलेलं असतं.

बायकांची बैठक वेगळी घ्या आणि ती विहिरीजवळ किंवा कुणाच्या पडवीत घ्या. देवळातल्या सभेत मागे बसून त्या बोलत नाहीत. मालवणकडच्या एका जुव्यावर पुरुषांच्या सभेत पहिली मागणी आली होती धक्क्यावर दिवे आणि शेडची. संध्याकाळी पडवीत एक काकी म्हणाल्या, "शिमगो सरलो काय ह्या बावीचा पाणी मचूळ लागता गो, चायत दूध फाटता." दिव्यांची गरज खोटी नव्हती. पण पाणी भरणारीने सांगितल्याशिवाय पाण्याचा विषय सभेत आलाच नसता.

ऐकलेलं सगळं एका वहीत महिन्यावार मांडा: कुठल्या महिन्यात कुठल्या विहिरीचं पाणी बदलतं, तर किती दिवस बंद पडते, शाळेची मुलं किती दिवस घरी राहतात, उधाणाचं पाणी कुठल्या बांधावरून आत येतं. पुढे प्रस्तावासोबत ही वहीच सगळ्यात जड पुरावा ठरते.

पहिलं काम पाण्याचं

सगळीकडे हाच क्रम लागू पडेल असं नाही. तरी पहिलं काम लहान, सगळ्या घरांना स्पर्श करणारं आणि जमिनीच्या भानगडीत न अडकणारं असावं. छपरावरचं पावसाचं पाणी साठवणं या तिन्ही कसोट्यांना उतरतं.

खाडीतल्या बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळमानाने, समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली चाळीस फूट असतं. उलट बाजूने पाहिलं तर उपसा करून वरची पातळी एक फूट खाली नेली की खालचं खारं पाणी त्याच प्रमाणात वर सरकायला लागतं. म्हणून बेटावरच्या विहिरीवर मोठा पंप बसवू नका, मग तो देणगीत मिळालेला का असेना. राहाटाने वर्षानुवर्षं गोडं राहिलेलं पाणी जोरदार पंपाने दोन उन्हाळ्यांत मचूळ होऊ शकतं. पंप लावायचाच असेल तर लहान, आणि थोडं थोडं उपसायचं.

आता छपराचा हिशोब करू. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. 100 चौरस मीटरच्या छपरावर म्हणजे 3 लाख लिटर. गळती, उडालेलं पाणी वजा जाता 2 लाख 40 हजार लिटर हाती लागतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला माणशी 20 लिटर धरले तर दिवसाला 100 लिटर, आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना 12 हजार लिटर. तेवढं पाणी जमवायला 150 मिलिमीटर पाऊस पुरे, जो जुलैमध्ये दोन-तीन मुसळधार दिवसांत पडून जातो. मोठी टाकी बांधायची गरज नाही. तीन मीटर व्यासाची आणि पावणेदोन मीटर उंचीची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर दिलेली) टाकी एका घराला भागते, आणि तिला चिऱ्यांपेक्षा कितीतरी कमी माल खाडीपार न्यावा लागतो.

काही गोष्टी मात्र काटेकोर पाळा. सुरुवातीच्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका, कौलांवरचा पाला, शेवाळ, पक्ष्यांची घाण आधी धुऊन जाऊ द्या. पन्हळीच्या तोंडाशी जाळी आणि वाळू-कोळशाची गाळणी ठेवा. टाकी पूर्ण झाकलेली, आत उजेड न जाणारी हवी, नाहीतर हिरवं धरतं. ती शेवटची भरायची ती सप्टेंबरात, म्हणजे पाणी ताजं राहतं. नवरात्रात झाकण बंद केलं की माघ लागेपर्यंत उघडायचं नाही, हा नियम घरातल्या बाईनेच घालून घेतला तर टिकतो. टीसीएलचं (पाणी शुद्ध करायच्या ब्लिचिंग पावडरचं) प्रमाण आरोग्य सेवकाला विचारूनच ठरवा.

जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला 55 लिटरचा आहे. तो हक्क जरूर मागा, खाडीखालून जलवाहिनी आली तर चांगलंच. तरीही टाकी असू द्या, कारण भर पावसाळ्यात ती वाहिनी तुटली तर दुरुस्तीला उघडीप मिळेपर्यंत थांबावं लागतं.

जागेचा प्रश्न

सामूहिक कामं सर्वात जास्त अडकतात ती इथे. सातबारा काढा आणि शांतपणे वाचा. एका गुंठ्यावर चाळीस नावं असतील, त्यातली निम्मी माणसं हयात नसतील आणि वारस नोंद झालेली नसेल. "आमचीच जागा आहे, बांधा खुशाल" हे शब्द खरे असतात, प्रेमाने दिलेले असतात, पण त्यावर सरकारी निधी खर्च होत नाही. ग्रामपंचायतीला बांधकाम करायचं तर जागा तिच्या नावावर हवी, किंवा नोंदणीकृत बक्षीसपत्र हवं, आणि त्यावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात.

सह्या गोळा करायला दोनच मुहूर्त: गणपती आणि शिमगा. त्या आठवड्यांत मुंबई, पुणे, बडोदा सगळीकडची माणसं घरी असतात. कागद आधीच तयार ठेवा, म्हणजे वारस नोंदीचे अर्ज, संमतीपत्रं, आधारच्या प्रती. ज्याची सही राहिली त्याच्याकडे मंडळातल्या त्याच्याच भावकीतल्या माणसाने जावं, तुम्ही जाऊ नका. जमिनीच्या विषयात बाहेरचा माणूस पुढे आला की जुनी भांडणं वर येतात.

त्यापेक्षा सोपं म्हणजे आधीच सार्वजनिक असलेली जागा वापरणं. पटसंख्या घटून बंद पडलेली जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक जुव्यांवर असते. तिचं छप्पर मोठं, आवार मोकळं, आणि ती कुणा एका भावकीची नसते. तिथे बचत गटाची खोली, पाण्याची टाकी, पावसाळ्यातली औषधपेटी सगळं बसतं. वापरासाठी जिल्हा परिषदेची लेखी परवानगी मात्र घ्या.

कुणाकुणाला विचारायचं

कांदळवनाला हात लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात राज्यभर कांदळवनं तोडायला आणि त्यांच्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली आहे. धक्क्यासाठी चार झाडं तोडली तरी अख्खा प्रकल्प बंद पडू शकतो. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, 2019 च्या अधिसूचनेत किनाऱ्यालगतच्या आणि खाडीतल्या बेटांसाठी भरतीरेषेपासून 20 मीटरचं ना-विकास क्षेत्र धरलं आहे आणि अशा बेटांचे व्यवस्थापन आराखडे राज्याने करायचे आहेत. त्यामुळे काहीही पक्कं बांधण्याआधी नकाशावर तुमची भरतीरेषा कुठे येते ते जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी समजून घ्या.

धक्का, जेटी आणि प्रवासी होडी हा मेरिटाइम बोर्डाचा विषय, त्यासाठी बंदर खात्याच्या स्थानिक कार्यालयात जा. होडीची नोंदणी, सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि लाइफ जॅकेट यात सवलत मागू नका. खाडी लहान असली तरी पावसाळ्यातला ओढ लहान नसतो.

खारबंधारा फुटत असेल तर खारभूमी खातं. बांधाला खांड पडून एकदा खारं पाणी भातात शिरलं की जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात, तेव्हा उघाडीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी वेळेत बदलणं हे नव्या बांधकामापेक्षा महत्त्वाचं काम आहे. खारपड शेतीला पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-1, 2, 3 या भाताच्या जाती आहेत. बियाण्याची चौकशी कोकण कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात करा.

ग्रामसभा आणि पैसा

बरेच जुवे मुख्य भूमीवरच्या ग्रामपंचायतीची एक वाडी असतात. तीस-चाळीस मतांची वाडी म्हटल्यावर तिचा विषय शेवटी येतो आणि तोवर परतीची होडी निघून गेलेली असते. यावर उपाय सरळ आहे. आधी वाडीची बैठक घेऊन लेखी मागणी करा, ती सभेच्या सात-आठ दिवस आधी ग्रामसेवकाकडे देऊन पोच घ्या, आणि तुमचा विषय वर घ्यावा अशी विनंती त्याच अर्जात लिहा. ग्रामसभा आर्थिक वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे मतदार लागतात. लहान ग्रामपंचायतीत जुव्यावरची सगळी माणसं त्या दिवशी आली तर त्यांचंच वजन पडतं. सभेची वेळ भरती पाहून ठरवा, असाही ठराव करून घ्या. 'आमचा गाव आमचा विकास' आराखडा साधारण हिवाळ्यात तयार होतो, तेव्हा दिवाळीनंतरची सभा चुकवू नका.

सुरुवातीलाच संस्था नोंदवायच्या मागे लागू नये, असं माझं मत आहे. 1860 च्या सोसायटी कायद्याखाली सात सभासद जमवून आणि धर्मादाय आयुक्तांकडे 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली नोंद करून संस्था होते. पण त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज हे सगळं कुणीतरी नेटाने करावं लागतं. पहिलं काम उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटामार्फत करा. त्यांचं बँक खातं असतं, दर महिन्याच्या बैठकीची सवय असते, आणि पैशाचा हिशोब दहा बायकांच्या डोळ्यांसमोर होतो. दोन कामं नीट पार पडली की मग संस्थेचा विचार करा.

प्रत्येक घराची वर्गणी घ्या, कितीही लहान असली तरी. ज्याला पैसा जमत नाही त्याचे श्रमदानाचे दिवस वर्गणीच्याच वहीत, पैशांच्या शेजारच्या रकान्यात लिहा. सगळा खर्च एकाच मोठ्या देणगीदाराकडून घेऊ नका, कारण मग ती टाकी गावाची राहत नाही, त्याच्या नावाची पाटी होते.

पर्यटन दुसऱ्या टप्प्यावर

नव्याने येणारा प्रत्येक जण होमस्टेचा विषय काढतो. उत्पन्न हवंच, त्यावाचून तरुण परत येणार नाहीत. पण पाहुण्याला द्यायला गोडं पाणी नाही आणि सांडपाणी खाडीत जातंय अशा बेटावर पर्यटन आधी नेलं तर विहिरी आटतात आणि दोन घरं श्रीमंत होऊन बाकीची दुरावतात.

चांगली उदाहरणं जवळच आहेत, जाऊन बघा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून स्वतः वल्हवत कांदळवन सफर घडवतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांच्या घरट्यांचं संरक्षण 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलं आणि कासव महोत्सव त्यानंतर चार वर्षांनी आला. आज तिथे गावातल्या घरांतूनच पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय होते. दोन्हीकडे राखण आधी झाली, कमाई मागून आली. खेकडापालन, कालवं, शिंपले यांसाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची 2017 पासूनची उपजीविका योजना आहे. ती गावच्या कांदळवन सह व्यवस्थापन समितीमार्फत चालते आणि खर्चाचा मोठा वाटा शासन उचलतं. तुमच्या गावात समिती आहे का, हे आधी विचारा.

देखभालीचा कागद

काम सुरू होण्याआधी एक पानभर कागद लिहून देवळात वाचा. त्यात एवढंच असावं: या वस्तूची किल्ली कुणाकडे, बिघडली तर पहिला फोन कुणी करायचा, घरटी महिना किती रुपये जमा करायचे, ते कुठल्या खात्यात, आणि पैसे काढायला कुणाकुणाच्या सह्या. सह्या तिघांच्या ठेवा, त्यात किमान एक बाई आणि एक जण कायम बेटावर राहणारा. किल्ली तरुण पोराकडे देण्याचा मोह होतो, पण तो पुढच्या वर्षी नोकरीला जाणार असतो. त्याला दुरुस्ती शिकवा आणि किल्ली मात्र घर न सोडणाऱ्या काकींकडे ठेवा.

वापराचा नियम सर्वांना सारखा हवा. स्कॉटलंडमधल्या एग बेटाचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. तिथल्या लोकांच्या ट्रस्टने 1997 मध्ये अख्खं बेट विकत घेतलं आणि 2008 पासून पाणी, वारा आणि सूर्य यांवर स्वतःची वीज तयार केली. प्रत्येक घराला एका वेळी 5 किलोवॉटची मर्यादा आहे, घर कुणाचंही असो. आपल्याकडे सामाईक टाकी असेल तर हंड्यांची संख्या ठरवा आणि सरपंचाच्या घरालाही तीच लावा.

सुटे भाग बेटावरच ठेवा: वॉशर, नळाच्या तोट्या, पंपाचा कपॅसिटर, एक जादा पन्हळ, होडीसाठी दोर. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, म्हणून जिथे जमेल तिथे प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील वापरा. मे महिन्यात, माल आणायची शेवटची फेरी असते तेव्हाच ही पेटी तपासा.

हिशोब वर्षातून एकदा गणपतीत, सगळे घरी असताना, देवळात मोठ्याने वाचायचा आणि त्याची प्रत महिनाभर भिंतीवर लावून ठेवायची. वाचणारा तुम्ही नसावा. पहिल्या वर्षी शेजारी बसा, दुसऱ्या वर्षी मागे बसा. तिसऱ्या वर्षी त्या दिवशी दुसऱ्या जुव्यावर असलात तरी चालेल, फक्त निघण्याआधी वहीची एक प्रत बचत गटाकडे आणि एक ग्रामपंचायतीत पोच घेऊन द्या.